जुन्या ग्राफिक कॅमेऱ्याचा रेंजफाइंडर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पीड ग्राफिक किंवा क्राउन ग्राफिक हा जुना अमेरिकी प्रेस कॅमेरा हातात आला की त्याच्या रेंजफाइंडरबद्दल (दोन प्रतिमा एकावर एक आणून फोकस जुळवायचं उपकरण) पहिल्या महिन्याभरात जे प्रश्न पडतात, ते इथे एकत्र केले आहेत. आकडे सगळे ४×५ इंची कॅमेऱ्याचे आणि त्यावर नेहमी दिसणाऱ्या १३५ मि.मी., एफ ४.७ लेन्सचे आहेत. घाईत असाल तर एवढंच लक्षात ठेवा: आधी मागची, फोकस बघायची काच, मग रुळांवरचे स्टॉप (लेन्सची चौकट टेकते ते अडसर), आणि रेंजफाइंडरच्या स्क्रूला हात सगळ्यात शेवटी.

मागे फोकसची काच असताना रेंजफाइंडरचा खटाटोप कशाला?

ट्रायपॉडवर कॅमेरा लावून, काळ्या कपड्याखाली डोकं घालून निवांत काम करणार असाल, तर खरंच गरज नाही. पण हे कॅमेरे त्यासाठी बनलेच नव्हते. रॉचेस्टरच्या, पुढे ग्राफ्लेक्स म्हणून ओळखल्या गेलेल्या कारखान्यातून १९१२ मध्ये स्पीड ग्राफिक बाहेर पडला तो हातात धरून वापरायला, आणि पुढे कित्येक वर्षं अमेरिकेतल्या वर्तमानपत्री फोटोग्राफरचं ते ओळखपत्रच होतं. इवो जिमाच्या टेकडीवर झेंडा उभारतानाचा, छायाचित्रकार जो रोझेंथल यांचा १९४५ चा फोटो याच कॅमेऱ्यावरचा. काचेवर फोकस बघायचं, शटर बंद करायचं, फिल्मचा होल्डर सरकवायचा, त्याची स्लाइड ओढायची, एवढं होईपर्यंत झेंडा उभा राहून गेला असता. आपल्याकडे होमाई व्यारावाला यांच्याजवळही रोलायफ्लेक्सच्या जोडीला स्पीड ग्राफिक होता.

एकदा होल्डर आत गेला की काच आंधळी होते. त्यानंतर समोरचा माणूस अर्धं पाऊल पुढे आला तर ते सांगणारा एकच जण उरतो, तो म्हणजे रेंजफाइंडर.

माझ्या कॅमेऱ्यावर कोणता रेंजफाइंडर आहे हे कसं ओळखू?

कॅमेऱ्याच्या बाजूला उभी, अरुंद धातूची डबी बसवलेली असेल तर तो बहुधा कलार्ट कंपनीचा. माथ्यावर आडवं घर असेल तर तो ग्राफ्लेक्सचा स्वतःचा. पेसमेकर मालिकेवर (स्पीड आणि क्राउन ग्राफिकची नंतरची मालिका) तो १९५५ पासून येऊ लागला.

फरक नुसता जागेचा नाही. कलार्टच्या दोन खिडक्या एकाखाली एक असतात, त्यामुळे दुसरी, फिकट प्रतिमा वर-खाली सरकते. माथ्यावरच्यात खिडक्या शेजारी-शेजारी, म्हणून प्रतिमा डावी-उजवीकडे सरकते. तेव्हा कलार्टला आडवी रेघ दाखवा: गच्चीचा कठडा, विजेची तार, खिडकीचं गज नसलेलं तळचं लाकूड. माथ्यावरच्याला दाराची चौकट किंवा खांब दाखवा. कलार्टमधून विजेच्या खांबाकडे पाहत ‘काही हलतच नाही, बिघडलाय’ म्हणणारे मी दोन-तीन तरी पाहिलेत. त्यातला पहिला मीच.

दुसरा फरक लेन्सचा. कलार्ट एका वेळी एकाच लेन्सला जुळवता येतो, तोही नेहमीच्या फोकल लांबीच्या आसपासच्याच. माथ्यावरच्यात कॅम असतो, म्हणजे त्या लेन्सप्रमाणे कड घासलेली धातूची पट्टी. लेन्स बदलली की कॅम बदलायचा.

रेंजफाइंडरमध्ये प्रतिमा तंतोतंत जुळते, फोटो मात्र माणसाच्या मागच्या भिंतीवर फोकस झालेला येतो. कुठला स्क्रू फिरवू?

कुठलाच नाही. निदान आज तरी नाही.

रेंजफाइंडरला फिल्म कुठे आहे हे माहीत नसतं. लेन्सही त्याला दिसत नाही. बेडवरचा (म्हणजे कॅमेऱ्याच्या पुढे उघडणाऱ्या फळीवरचा) रूळ किती पुढे सरकला, एवढंच त्याच्या दांडीला कळतं. त्या सरकण्यावरून तो आतला आरसा थोडासा वळवतो आणि तुम्हाला दोन प्रतिमा एक झालेल्या दाखवतो. रूळ आणि फिल्म यांच्यामध्ये जे जे आहे ते जागेवर असेल असं तो गृहीत धरतो. लेन्सची उभी चौकट स्टॉपला नीट टेकली नसेल, तिला मागे-पुढे झोक असेल, मागची काच चुकीच्या खोलीवर असेल, तर रेंजफाइंडर कितीही शहाणा असला तरी फोटो धूसरच येणार.

माझ्या पहिल्या क्राउनवर मी दोन रविवार स्क्रूशी झटापट केली. काचेवर सगळं जुळायचं, निगेटिव्हवर जुळायचं नाही. तिसऱ्या रविवारी लक्षात आलं की आधीच्या मालकाने काच धुऊन उलटी बसवली होती. खरखरीत बाजू लेन्सकडे हवी, ती बाहेर आली होती. सुमारे २ मि.मी. जाडीची काच उलटली की फोकसचा पडदा सव्वा मि.मी.हून जास्त मागे जातो, आणि पुढे दिसेल की एवढी चूक एफ ४.७ ला झाकली जात नाही. खरखरीत बाजू नखाने लगेच कळते. आधी ते बघा.

काच बरोबर खोलीवर आहे हे घरी कसं मोजायचं?

व्हर्नियर कॅलिपरच्या शेपटाकडून जी बारीक पट्टी बाहेर येते, तिने. ४×५ होल्डरची ठरलेली खोली, म्हणजे त्याच्या टेकणाऱ्या काठापासून फिल्म ज्यावर पडते त्या पत्र्यापर्यंतचं अंतर, ०.१९७ इंच आहे: ५ मि.मी. चूक चालते ०.००७ इंच, म्हणजे ०.१८ मि.मी. योगायोगाने शीट फिल्मची जाडीही साधारण तेवढीच. तेव्हा फिल्मचा दर्शनी पृष्ठभाग सुमारे ४.८ मि.मी. आत असतो, आणि काचेची खरखरीत बाजू त्याच पातळीवर यायला हवी.

मोजताना काचेची चौकट कॅमेऱ्यावरून काढा आणि तिच्या टेकणाऱ्या काठांवर एक सरळ पोलादी पट्टी आडवी ठेवा. पट्टीच्या वरून काचेपर्यंत खोली मोजा आणि पट्टीची जाडी वजा करा. चार कोपरे आणि मध्य, अशा पाच जागी. नंतर रद्दी फिल्म घातलेल्या होल्डरचंही असंच माप घ्या. फिल्म मध्यभागी थोडी फुगते, त्यामुळे तिथला आकडा वेगळा आला तर घाबरू नका, अलगद टेकवून पुन्हा मोजा. आपल्याकडच्या चार-पाच होल्डरची सरासरी काढून काच तिला जुळवा. पुस्तकातल्या आकड्यापेक्षा तुम्ही वापरता ते होल्डर महत्त्वाचे.

काच पुढे आली असेल तर मागे न्यायला कागदाच्या पट्ट्या पुरतात. झेरॉक्सचा साधा कागद साधारण ०.१ मि.मी. असतो, म्हणजे हिशेब सोपा. काही महिन्यांनी कागद दबतो. कायमचं करायचं असेल तर शिम, म्हणजे पातळ पितळी पत्रा.

काचेपुढे रेघारेघांचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा होता. ओरखडे होते म्हणून काढून टाकला. चाललं ना?

नाही. तो फ्रेनेल आहे, ग्राफ्लेक्स त्याला एक्टालाइट म्हणायची. कोपरे उजळ दिसावेत म्हणून लावलेला. तो काचेच्या पुढे, लेन्सच्या बाजूला बसतो आणि चौकटीची खोली त्याला धरूनच कोरलेली असते.

प्लास्टिकमधून जाताना प्रकाशाचा फोकस त्या तुकड्याच्या जाडीच्या एक-तृतीयांशाइतका मागे ढकलला जातो. तुकडा काढला की काच मात्र त्याच्या पूर्ण जाडीइतकी पुढे येऊन बसते. दोन्हींची वजाबाकी केली की चूक राहते जाडीच्या दोन-तृतीयांश. दीड मि.मी.चा फ्रेनेल काढला तर १ मि.मी. चूक. मग माणूस रेंजफाइंडरला दोष देतो, तो काचेला जुळवतो, आणि दोघं मिळून चुकतात.

काढायचाच असेल तर वरच्या पद्धतीने खोली मोजून काच मागे न्या. उलट गोष्टही तितकीच नडते: ज्या चौकटीत मुळात फ्रेनेल नव्हता तिच्यात काचेपुढे नवा घालू नका. काचेच्या मागे, डोळ्याच्या बाजूला लावला तर फोकसला धक्का लागत नाही.

इन्फिनिटीसाठी, म्हणजे अगदी लांबच्या फोकससाठी, किती लांबची वस्तू धरू? समोरची इमारत चालेल?

समोरची इमारत नाही चालणार. १३५ मि.मी. लेन्स इन्फिनिटीपासून किती पुढे न्यावी लागते ते पाहा: १०० मीटरवरच्या वस्तूला ०.१८ मि.मी., ३० मीटरला ०.६, १० मीटरला १.८५, ३ मीटरला ६.४ आणि दीड मीटरला १३.४ मि.मी. आता सवलत किती? निगेटिव्हवर बिंदूचा ०.१ मि.मी.चा ठिपका झाला तरी चालतो असं धरलं, तर एफ ४.७ ला फिल्मच्या पुढे-मागे जेमतेम ०.४७ मि.मी. जागा मिळते. समोरची इमारत ३० मीटरवर असेल तर सगळी सवलत तिथेच संपली आणि वर उधारी झाली.

अर्धा किलोमीटर किंवा जास्त हवं. पुण्यात मी सिंहगडावरचा टीव्ही टॉवर धरतो. सकाळी सातच्या आत, कारण ऊन चढलं की हवा थरथरते आणि दोन प्रतिमांपैकी कुठली हलतेय तेच कळेनासं होतं. गच्चीवरून लांबची पाण्याची टाकी, मोबाइलचा मनोरा, काहीही चालेल. रात्री तर आणखी सोपं: मनोऱ्यावरचा लाल दिवा हा नुसता बिंदू असतो, त्यामुळे वर-खाली आणि डावं-उजवं दोन्ही एकदम तपासता येतं. चंद्राची कडही उत्तम.

रुळांवरचे स्टॉप कसे बसवायचे?

बेडवर डावी-उजवीकडे दोन छोटे धातूचे अडसर असतात, त्यांना लेन्सची चौकट टेकते. पेसमेकरवर ते आडवे पाडता येतात, म्हणजे दुसरी लेन्स लावायची तर चौकट त्यांच्यावरून पुढे नेता येते.

फोकसची चकती फिरवून रूळ पूर्ण मागे आणा. स्टॉपचे बारके स्क्रू सैल करा. लेन्स पूर्ण उघडी ठेवून, काचेवर भिंग लावून, लांबचा मनोरा धारदार होईपर्यंत चौकट हाताने मागे-पुढे करा आणि घट्ट करा. आता दोन्ही स्टॉप चौकटीला टेकवून स्क्रू आवळा. दोन्ही एकाच वेळी टेकले पाहिजेत. एक टेकला आणि दुसरा केसभर लांब राहिला तर लेन्स तिरपी होते आणि निगेटिव्हची एक बाजू कायम मऊ येते. मग चौकट सोडून, पुढे नेऊन, पुन्हा मागे आणून टेकवा आणि काचेवर बघा. असं पाच वेळा. पाचही वेळा सारखं आलं तर स्टॉप बसले.

भिंग सात-आठ पटींचं असावं. जुन्या फोटोवाल्यांकडचं कापडाचे धागे मोजायचं भिंगही चालतं.

आता कलार्ट. कव्हर काढण्याआधी काय बघू?

कव्हर न काढताच बरंच कळतं. रूळ पुढे-मागे करत आत पाहा. प्रतिमा सलग सरकते का, की मध्येच अडून उडी मारते? लांबून फोकस आणताना जिथे जुळते, तिथेच जवळून येतानाही जुळते का? या दोन जागांत फरक असेल तर कुठेतरी ढिलाई आहे. रुळाबरोबर हलणारी दांडी बॉडीच्या बाजूच्या फटीतून आत जाते, तिचं टेकणारं टोक झिजलेलं किंवा चिकट झालेलं असतं. ढिलाई काढल्याशिवाय जुळवणी म्हणजे पाण्यावर रेघ.

आतलं काम किती नाजूक आहे याचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब. समजा दोन खिडक्यांत ७ सेंटिमीटर अंतर आहे. इन्फिनिटीपासून दीड मीटरपर्यंतच्या अख्ख्या प्रवासात दोन दृष्टिरेषांमधला कोन अडीच अंशांच्या थोडा पुढे जातो, आणि आरसा त्याच्या निम्मा वळतो. सव्वा-दीड अंशात सगळा संसार. खिळीवर सत्तर वर्षांचं सुकलेलं ग्रीस असेल तर काय होईल ते सांगायला नको.

कव्हर उघडताना घड्याळजीचा, खाचेत नेमका बसणारा स्क्रूड्रायव्हर घ्या. खाच एकदा खाल्ली गेली की पुढच्या मालकाच्या शिव्या. आणि आधी मोबाइलवर फोटो काढा, दर पायरीला एक. आतल्या छोट्या मोजपट्टीवर खुणा कुठे आहेत ते लिहून ठेवा. कुणीतरी, कधीतरी, ते जुळवलं होतं. ती जागा हरवू नका.

आत दोन-तीन जागी स्क्रू आहेत. कोणता कशाचा?

हलवून बघण्याआधी त्यांचं काम समजून घ्या. जुळवणीच्या मुख्य जागा दोनच. एक इन्फिनिटीची: ती फिरवली की प्रतिमा सगळ्याच अंतरांवर सारखी सरकते. दुसरी तरफेचा टेकू सरकवण्याची, मोजपट्टी असते ती: तिने रूळ तेवढाच सरकला तरी आरसा कमी-जास्त वळतो. तराजू आठवा. पारडी रिकामी असताना काटा मध्यावर आणणं ही पहिली जुळवणी. दांडीचा आस सरकवून शेराला शेर भरवणं ही दुसरी.

क्रम असा. रूळ पूर्ण मागे, चौकट स्टॉपला, लांबचा मनोरा. पहिल्या स्क्रूने प्रतिमा जुळवा. मग दीड मीटरवर एक आडव्या रेघांचा कागद लावा (वहीचं पान पुरतं), काचेवर भिंगाने धारदार फोकस करा, चकती न हलवता कलार्टमध्ये बघा. जुळत नसेल तर टेकू किंचित सरकवा. आता पुन्हा इन्फिनिटीला गेलात तर तिथलं थोडं बिघडलेलं असेल. ते सुधारा, परत जवळ या. चार-पाच फेऱ्यांत दोन्ही टोकं बसतात. प्रत्येक फेरीत फरक कमी होत गेला पाहिजे. वाढत असेल तर तुम्ही टेकू उलट्या दिशेने नेताय.

शेवटी ३ ते ४ मीटरवर तपासा. दोन्ही टोकं बरोबर आणि मधलं चुकतंय असं झालं तर स्क्रूचा दोष नाही. त्या लेन्सची लांबी आणि तरफेचा बाक यांचं जमत नाहीये.

लेन्सवर १३५ लिहिलंय, माझ्या मित्राच्या लेन्सवरही १३५. मग त्याची जुळवणी मला का चालत नाही?

लिहिलेला आकडा नाममात्र असतो. प्रत्यक्ष फोकल लांबी टक्का-दोन टक्के इकडे-तिकडे. लेन्स किती पुढे जावी लागते ते लांबीच्या वर्गावर ठरतं, म्हणून दोन टक्के फरक चार टक्के होतो. दीड मीटरवर १३.४ मि.मी.चे चार टक्के म्हणजे अर्धा मि.मी. वरची ०.४७ ची सवलत आठवतेय ना?

माथ्यावरच्या रेंजफाइंडरची जुळवणी कशी?

शक्यतो आत हात घालू नका. त्यात जवळच्या अंतरांचं गणित कॅमच्या कडेत कोरलेलं असतं, आणि आतली जुळवणी कारखान्यात त्याला धरून केलेली असते. कुणी छेडली नसेल तर योग्य कॅम आणि योग्य जागी बसलेले स्टॉप एवढ्यावर भागतं. इन्फिनिटीला केसभर फरक दिसला तर रेंजफाइंडर हलवण्याआधी स्टॉप पुन्हा तपासा. माझ्या अनुभवात दहापैकी बहुतेक वेळा स्टॉपच सरकलेले निघाले.

कॅमवर आकडा कोरलेला असतो. तो तुमच्या लेन्सचा आहे याची खात्री करा. लेन्स १३५ ची आणि आत बसलाय दुसऱ्याच लेन्सचा कॅम, हे विकताना अदलाबदल झालेल्या कॅमेऱ्यांत सर्रास दिसतं. लक्षण सरळ आहे: इन्फिनिटी बरोबर, जवळ येत जावं तशी चूक वाढत जाते.

कॅम मिळालाच नाही तर घडवता येतो. पितळेची किंवा ॲल्युमिनियमची पट्टी घ्या, काचेवर एकेका अंतराला फोकस करत खुणा करा आणि कानशीने घासा. आता लोक थ्रीडी प्रिंटरवरही काढतात. पट्टीतला धातू कमी करता येतो, परत लावता येत नाही, म्हणून दोन घासे मारायचे आणि कॅमेऱ्यात घालून बघायचं. माझी एक पट्टी बिघडली, दुसरी आठ-दहा संध्याकाळी खाऊन बसली.

दुसरी प्रतिमा इतकी फिकट आहे की उन्हात दिसतच नाही.

अर्धपारदर्शक आरशावरचा मुलामा गेला. आधी तो खरंच गेलाय का, की नुसती धूळ आणि धुरकट थर आहे ते बघा. खिडक्यांच्या काचा आणि डोळ्याकडचं भिंग आतून-बाहेरून पुसून पुष्कळदा निम्मा उजेड परत येतो.

आरशाला मात्र कापड लावू नका. त्या जुन्या मुलाम्याला पुसणं सोसत नाही, एका फटक्यात निघून येतो आणि हाताशी साधी काच उरते. फुंकणीने धूळ उडवा. फारच वाटलं तर डिस्टिल्ड पाण्यात बुडवून निथळलेल्या कापसाचा बोळा वजन न देता एकदाच फिरवा. घरातली काच पुसायची फवारणी तर अजिबात नको.

तात्पुरता उपाय स्वस्त आहे. ज्या खिडकीतून मुख्य, उजळ प्रतिमा येते तिच्या काचेच्या मध्यभागी काळ्या टेपचा ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा चिकटवा, किंवा रंगीत जिलेटिनचा कपटा. मुख्य प्रतिमा मध्यभागी दबते आणि फिकट उठून दिसते. कित्येकांना याच्या पुढे जावंच लागत नाही.

कायमचा उपाय नवा आरसा. प्रकाश अर्धा-अर्धा वाटणारी पातळ काच मापात कापून घ्यायची. मुलाम्याची बाजू ओळखायला पेन्सिलचं टोक काचेजवळ आणा: टोक आणि त्याचं प्रतिबिंब एकमेकांना भिडलं तर ती मुलाम्याची बाजू, मध्ये फट दिसली तर उलटी. जुना आरसा ज्या बाजूने बसला होता त्याच बाजूने नवा. इपॉक्सीने एकदम पक्का करू नका. नेलपॉलिशचे दोन ठिपके द्या, वाळू द्या, जुळवणी करून बघा, मगच पक्कं. नवा आरसा म्हणजे सगळी जुळवणी पुन्हा पहिल्यापासून, ही तयारी ठेवा.

प्रतिमा जुळतात, पण एक दुसरीच्या किंचित बाजूला राहते. फोकस फिरवून जातच नाही.

कलार्टमध्ये डावं-उजवं, माथ्यावरच्यात वर-खाली, असं राहिलं तर तो फोकसचा दोष नाही. आरसा आडवा झुकलाय. त्याच्या बैठकीखाली ॲल्युमिनियम फॉइलचा बारीक कपटा सरकवून तो उचलता येतो. फोटोवर याचा परिणाम होत नाही, फक्त बघताना डोळ्याला त्रास. थोडंसं असेल तर मी ते तसंच सोडतो.

दांडी अडते. तेल सोडू का?

नको. तेल आत गेलं की पसरतं, आरशावर चढतं. बाजारातला गंज सोडवायचा स्प्रे तर कव्हरच्या आसपासही नको. जुनं ग्रीस आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंवा लायटरच्या पेट्रोलने, टूथपिकला कापूस गुंडाळून काढा. कोरडं झाल्यावर खिळीला घड्याळाच्या तेलाचा सुईच्या टोकावर मावेल एवढा थेंब. रुळांना कोरडं मेण.

पावसाळ्यात काय काळजी घ्यायची?

कोकणात आणि मुंबईत जुलैमध्ये हा प्रश्नच पहिला असायला हवा. रेंजफाइंडरची डबी हवाबंद नसते, आत ओल जाते, आरशावर आणि प्रिझमवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी येते. एकदा तिने मुलामा खाल्ला की पुसून परत येत नाही. कॅमेरा चामड्याच्या जुन्या पेटीत ठेवू नका, ती पेटी म्हणजे बुरशीचं माहेर. झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर. चाळीस ते पन्नास टक्के पुरे. त्याहून कोरडं केलंत तर भात्याचं चामडं घड्यांवर तडकतं. आणि समुद्रावरून आल्यावर कॅमेरा एकदा कोरड्या फडक्याने पुसा, खारी हवा स्क्रूच्या खाचेत बसते.

लिनहॉफ टेक्निका या जर्मन कॅमेऱ्यालाही हेच लागू?

काच आणि स्टॉप यांचं सगळं लागू. रेंजफाइंडरचं नाही. लिनहॉफचा कॅम त्या विशिष्ट लेन्सला धरून घासलेला असतो, त्यावर लेन्सचा क्रमांक असतो. लेन्स आणि कॅम वेगळे झाले की जोडी मोडली. घेताना दोन्ही क्रमांक जुळतात का ते बघा.

अंधारात जुळवणी तपासता येते का?

येते, आणि मजा येते. प्रकाशाची वाट उलटीही चालते. कलार्टला फोकस्पॉट नावाचा दिवा लावायची सोय होती: दिव्याचा झोत रेंजफाइंडरमधून उलटा बाहेर पडायचा, समोरच्या माणसावर दोन ठिपके दिसायचे, ते एक झाले की फोकस झाला. रात्रीच्या वार्ताहरांसाठी काढलेली युक्ती. आज त्या जागी बारीक झोताची एलईडी टॉर्च डोळ्याच्या भिंगाला लावा आणि खोलीत अंधार करा. दोन मीटरवरच्या भिंतीवर दोन ठिपके दिसतील. चकती फिरवा, ठिपके एकावर एक येतात ती जागा आणि काचेवर भिंगाने दिसणारा फोकस एकच आहे का ते पाहा. ज्यांच्या डोळ्याला फिकट प्रतिमा दिसत नाही त्यांच्यासाठी जवळच्या अंतराची जुळवणी अशीच करावी.

जुना कॅमेरा विकत घेताना रेंजफाइंडरचं काय बघावं?

डोळा लावून दुसरी प्रतिमा दिसते का, आणि रूळ हलवल्यावर ती हलते का. दिसते पण हलत नाही: दांडी सुटली असेल, दुरुस्त होते. दिसतच नाही: आरसा, दुरुस्त होतो पण वेळ खातो. कलार्टची डबीच काढून टाकलेली असेल तर बाजूला भोकं दिसतील, आणि तिथून उजेड आत जात नाही ना तेही बघा. माथ्यावरच्यात कॅम आत आहे का विचारा. फ्लॅशची उभी चकचकीत मूठ बहुतेक कॅमेऱ्यांबरोबर नसते. एका विज्ञानपटातल्या तलवारीची मूठ तिच्यापासून बनली आणि तेव्हापासून ती कॅमेऱ्यापेक्षा महाग झाली. ती नाही म्हणून हळहळू नका.

दुरुस्तीला दिला तर?

साफसफाई आणि खाल्लेले स्क्रू यासाठी चांगला घड्याळजी पुरे. जुळवणीसाठी देताना कॅमेरा, लेन्स, काचेची चौकट आणि तुमचा एक होल्डर, हे चारही एकत्र द्या. मी एकदा एका दुकानात नुसती बॉडी दिली होती. त्यांनी कलार्ट त्यांच्याकडच्या लेन्सला सुरेख जुळवून दिला.

सगळं झालं. आता खरं तपासायचं कसं?

फिल्म महाग, म्हणून पहिली चाचणी डार्करूमच्या कागदावर घ्या. कागद फिल्मपेक्षा किंचित जाड असतो, पण तो फरक सवलतीत बसतो. दोन्ही बाजूंना इमल्शन असलेली एक्स-रे फिल्म मात्र या कामाला नको, तिची धारच मऊ असते. टेबलावर तीन-चार जाड पुस्तकं एकामागे एक, दर दहा सेंटिमीटरवर एक, कणे कॅमेऱ्याकडे करून उभी करा. मधल्या कण्यावर रेंजफाइंडरने, काचेकडे न बघता, फोकस करा, लेन्स पूर्ण उघडी. एक फोटो दीड मीटरवरून, एक तीनवरून, एक लांबच्या मनोऱ्याचा. मधल्या पुस्तकाचं नाव सगळ्यात धारदार आलं तर झालं.

लेन्स बदलेपर्यंत किंवा कॅमेरा पडेपर्यंत ही जुळवणी टिकते. माझ्या क्राउनच्या बेडच्या खालच्या अंगाला एक कागद चिकटवलेला आहे: लेन्सचा क्रमांक, काचेखाली घातलेले कागद किती, तारीख. पेन्सिलने लिहिलंय. आतापर्यंत तीनदा खोडलंय.